केळकरांचं घर आणि शक्तिवेलचं घर

तामिळ दिग्दर्शक मणिरत्नमच्या सिनेमाबद्दल मराठीत लिहायचं तर मला केळकरपासून सुरुवात करावीशी वाटते. १९८७ सालच्या ‘नायकन’मधला इन्स्पेक्टर केळकर. मुंबईच्या झोपडपट्टीत येऊन पडलेल्या अनाथ वेलूला ज्या हुसेनभाईंनी वाढवलं, त्यांचा जीव केळकरच्या कोठडीत जातो आणि वेलू केळकरला मारून टाकतो. सूड पुरा झाला, वस्ती वेलूच्या पाठीशी उभी राहिली, सिनेमाला पुढे धावायला रस्ता मोकळा झाला. पण मणिरत्नम धावत नाही. तो वेलूला मेलेल्या केळकरच्या घरी घेऊन जातो. तिथे केळकरची बायको आहे आणि बुद्धीनं अधू असलेला मुलगा आहे. तोवर केळकर आपल्याला फक्त खाकी कपड्यांत दिसलेला असतो. या माणसाला घर असेल, हे आपल्या मनातही आलेलं नसतं. वेलूच्याही आलेलं नसतं. ते घर बघताना वेलू झालेल्या कमल हासनच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते.

त्या घराची जबाबदारी वेलू पुढे स्वतःकडे घेतो. वर्षं जातात. शेवटी कोर्टातून सुटून बाहेर आलेल्या म्हाताऱ्या वेलूवर गोळी झाडतो तो केळकरचा हाच मुलगा, आता मोठा झालेला. ते काम टिनू आनंदनं केलंय. त्याच्या आधी वेलूला त्याचा छोटा नातू भेटतो आणि विचारतो, तुम्ही चांगले की वाईट? वेलू म्हणतो, माहीत नाही. हा नातू पाटलांचा आहे. वेलूच्या मुलीनं ज्या पोलीस अधिकाऱ्याशी लग्न केलंय तो पाटील, म्हणजे नासर. तामिळ सिनेमातल्या सर्वांत गाजलेल्या शेवटांपैकी एका शेवटात एका बाजूला केळकर आहे आणि दुसऱ्या बाजूला पाटील. मराठी प्रेक्षक म्हणून मला या गोष्टीचं फार वाटत आलंय. त्यात अभिमान नाही, कारण केळकर काही अभिमान वाटावा असा माणूस नाही. वाटतं ते असं की, या परक्या भाषेतल्या दिग्दर्शकानं आपल्या शहरातल्या एका वाईट माणसाचंही दार उघडून आत बघितलं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते ‘ठग लाइफ’मुळे. ५ जून २०२५ ला तो प्रदर्शित झाला. कमल हासन आणि मणिरत्नम ‘नायकन’नंतर ३८ वर्षांनी एकत्र आले होते. नायकाचं नाव रंगराय शक्तिवेल नायकर. ‘नायकन’मधल्या वेलूचं पूर्ण नावही शक्तिवेलूच होतं. नाव ऐकलं तेव्हाच माझ्यासारख्या असंख्य लोकांनी मनातल्या मनात धारावीचा तो पाऊस, ते कबुतरांचे थवे, इळयराजांचे सूर, सगळं मांडून ठेवलं. वडाळ्याच्या मल्टिप्लेक्समध्ये तामिळ खेळाला मी बसले तेव्हा माझ्या रांगेत माझ्याच वयाची, केस पिकायला लागलेली माणसं जास्त होती. पडद्यावर नाव आलं तेव्हा टाळ्या पडल्या. मध्यंतरात कुणी फारसं बोलत नव्हतं.

मला हा सिनेमा आवडला नाही. तसं एका वाक्यात म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आवडला नाही म्हणताना त्यातली काही मिनिटं हात धरून ठेवतात, आणि ती मिनिटं इतकी त्याची आहेत, इतकी ओळखीची आहेत, की राग येण्याऐवजी घशाशी काहीतरी येतं.

मी माटुंग्यात वाढले. आमच्या मजल्यावर निम्मी बिऱ्हाडं तामिळ होती. समोरच्या दारातल्या मामींकडे व्हीसीआर होता आणि रविवारी दुपारी स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेली कॅसेट लागायची. आम्हा मराठी पोरांना आत यायला मज्जाव नव्हता, मात्र सिनेमा सुरू असताना अर्थ विचारायचा नाही, हा मामींचा नियम होता. अर्थ त्या मध्यंतरात सांगायच्या, त्यांच्या खास मराठीत, ज्यात सगळ्या बायका ‘तो’ असायच्या आणि सगळे पुरुष ‘ती’. ‘नायकन’ मी पहिल्यांदा तिथे पाहिला. वेश्यावस्तीत आणलेली शाळकरी नीला वेलूला विचारते की मला जरा लवकर सोडाल का, उद्या माझा गणिताचा पेपर आहे. त्या वाक्याचा अर्थ मामींनी मध्यंतरातही सांगितला नाही. तो मला कॉलेजात गेल्यावर, कुणीतरी हिंदीत समजावून सांगितला तेव्हा कळला, आणि मामींनी तो का गिळला असेल तेही कळलं.

भाषा कळत नसताना सिनेमा बघायची सवय लागली की माणूस घर बघायला शिकतो. कोण कुठे बसलंय, कोण कुणाच्या ताटात वाढतंय, कोण दाराआड उभं राहून ऐकतंय. मणिरत्नमचे सिनेमे मला असे पाठ झाले. मोठी झाल्यावर सबटायटल्स मिळाली, तामिळही थोडंफार कळायला लागलं, पण मुळात माझं त्याच्याशी जे नातं जुळलं ते त्यानं पडद्यावर मांडलेल्या संसारांमुळे जुळलं.

आणि तो मांडायचाही तसेच. ‘मौन रागम’ १९८६ चा. मनाविरुद्ध लग्न होऊन दिल्लीला आलेली दिव्या, म्हणजे रेवती. नवरा तिला काहीतरी भेट घेऊन द्यावी म्हणून विचारतो, तुला काय हवं, आणि ती म्हणते, घटस्फोट. त्यानंतरचा बराचसा सिनेमा त्या घरात घडतो. दोघं एकमेकांना ओलांडून जातात, एकमेकांशी न बोलता एकमेकांची वेळ सांभाळतात. नवऱ्यानं आणलेले पैंजण नुसते पडून राहतात. माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी बायकांनी अशी घरं जगून काढली आहेत आणि त्यांच्याबद्दल एवढ्या मायेनं, एवढा कमी आवाज करून बोलणारा सिनेमा मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे ‘रोजा’ आला, १९९२ मध्ये. विषय काश्मीर, दहशतवाद, अपहरण. एवढ्या मोठ्या विषयाला त्यानं हात घातला तो एका खेडवळ नव्या नवरीच्या बाजूनं. देवळात तिनं फोडलेल्या नारळाच्या आवाजानं जवान बंदुका सरसावून धावत येतात. काश्मीरमध्ये त्या काळी काय हवा असेल हे त्या एका नारळानं सांगितलं. मला वाटतं, इथेच त्याची सगळी रीत आहे. बाहेर जग पेटलेलं असतं आणि ते किती पेटलंय हे तो एका घरातल्या साध्या रोजच्या कृतीवर मोजून दाखवतो.

‘बॉम्बे’बद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. १९९५ साली तो आमच्याच शहराबद्दलचा सिनेमा घेऊन आला आणि शहर अजून सावरलेलं नव्हतं. दंगलीचे ते दोन महिने, १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी, आम्ही खिडक्या लावून काढले होते. सिनेमातल्या दंगलीसाठी मद्रासमध्ये सेट उभारला होता हे नंतर वाचलं तेव्हा विश्वास बसला नाही, कारण मला तो माझा रस्ता वाटला होता. पण मनात राहिलं ते वेगळंच. शेखर आणि शैला पळून येऊन मुंबईत लग्न करतात आणि घरमालकाकडे आलेल्या पाहुण्यांची पोरं त्यांच्या खोलीत झोपायला येतात. नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही! मुंबईकर प्रेक्षक थिएटरात खळखळून हसला होता. त्या हसण्यानं ती दोघं आमची झाली. पुढे दंगलीत त्यांची जुळी मुलं हरवली तेव्हा त्याच थिएटरात मला शेजारचा श्वास ऐकू येत होता. आणि ते दोन आजोबा, एक नासर आणि दुसरा किट्टी: गावाकडे एकमेकांचं तोंड न बघणारे, रामनाम कोरलेल्या विटांवरून भांडणारे, ते मुंबईत मुलांच्या घरी येतात आणि नातवंडांवरून लाडिक भांडायला लागतात. देशाचं भांडण त्यानं दोन व्याह्यांच्या भांडणात आणून ठेवलं होतं. त्या सिनेमापायी १९९५ च्या जुलैत मणिरत्नमच्या मद्रासमधल्या स्वतःच्या घरावर बॉम्ब टाकले गेले आणि तो जखमी झाला. दुसऱ्यांच्या घरांविषयी सिनेमे काढणाऱ्या माणसाला त्याची किंमत स्वतःच्या घरात मोजावी लागली.

ही सगळी पुंजी बरोबर घेऊन मी ‘ठग लाइफ’ बघायला बसले होते.

सुरुवात कृष्णधवल आहे. जुनी दिल्ली, १९९४. गल्लीबोळांत चकमक, पोलीस, गच्च्या, आणि तरुण करून दाखवलेला कमल. ‘नायकन’मध्ये तिशीतल्या कमलनं रंगभूषेनं म्हातारा वेलू उभा केला होता, इथे सत्तरीतल्या कमलला तंत्रानं तरुण केलंय, आणि ते खटकत नाही. गोळीबारात एक पेपर विकणारा माणूस मरतो. त्याची दोन लेकरं, अमर आणि चंद्रा, त्या गोंधळात एकमेकांपासून तुटतात. शक्तिवेल अमरला ढालीसारखा पुढे धरून पोलिसांच्या वेढ्यातून निसटतो आणि मग त्या पोराला म्हणतो की तू मला यमाच्या हातून सोडवलंस, आता तू माझा. तुझ्या बहिणीला मी शोधून देईन.

मी खुर्चीत पुढे सरकून बसले. कारण हे केळकरचं घर होतं! गोळीनं मेलेल्या माणसाचं पोरकं पोर, मारणाऱ्यांतल्याच एकाच्या आसऱ्याला. ३८ वर्षांपूर्वी जो प्रश्न त्यानं सिनेमाच्या मधोमध पेरला होता, तो आता सुरुवातीलाच, पहिल्याच प्रसंगात उघड्यावर आणून ठेवला होता. आणि या वेळी तर मुलगा वेगळ्या घरात वाढणार नव्हता, थेट शक्तिवेलच्याच घरात, त्याच्या बायकोच्या हाताखाली, त्याच्या भावाच्या नजरेसमोर वाढणार होता. यातून केवढं काय काय निघू शकलं असतं. रवी के. चंद्रनचा कॅमेरा, रहमानचं संगीत, श्रीकर प्रसादचं संकलन, पडद्यावर कमल. मला आणखी काय हवं होतं?

आणि मग सिनेमा एक उडी मारतो. अमर एकदम मोठा झालेला, म्हणजे सिलंबरसन. शक्तिवेलचा उजवा हात, लग्नघरात नाचतोय, सगळे त्याला मुलगा म्हणतायत. मधली वर्षं गेली कुठे? ते पोर त्या घरात पहिल्या रात्री कुठे झोपलं? जेवायला बसताना त्याचं पान कुणाच्या शेजारी मांडलं गेलं? शक्तिवेलची बायको जीवा, तिनं या मुलाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काय बोलली? शक्तिवेलला सख्खी मुलगी आहे, तिला हा आयता आलेला भाऊ कधी आवडला, कधी खुपला? यातलं काही नाही. आपण समजून घ्यायचं. आणि पुढे जेव्हा अमरचं मन फिरतं, जेव्हा शक्तिवेलचा भाऊ माणिक्कम त्याच्या कानात विष ओततो, हिमालयात नेऊन शक्तिवेलला दरीत लोटलं जातं, तेव्हा मला धक्का बसत नाही. मोडण्यासाठी आधी काहीतरी जुळलेलं दिसायला हवं होतं.

हा दिग्दर्शक ते दाखवू शकत नाही असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. २००२ चा ‘कन्नत्तिल मुत्तमिट्टाल’ दत्तक मुलीवरचाच सिनेमा आहे. नवव्या वाढदिवशी अमुदाला सांगितलं जातं की ती या आईबापांची नाही. आणि मग त्या घरात तिचं बदललेलं वागणं, आईशी तुटक बोलणं, भावांकडे वेगळ्या नजरेनं बघणं, पळून जाणं. श्रीलंकेतलं युद्ध त्या सिनेमात मुख्यतः उत्तरार्धात येतं, पण युद्ध कळायला लागतं ते घरातल्या त्या तुटक बोलण्यापासून. त्या सिनेमाला सहा राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यातला एक संकलनासाठी याच श्रीकर प्रसादला. दत्तक मूल घरात रुजतं कसं आणि उपटून निघतं कसं, हे ज्याला एवढं कळतं, त्यानं अमरची सगळी वर्षं एका कटमध्ये टाकून द्यावीत, याचं मला खरंच दुःख झालं.

बायकांच्या बाबतीतही तेच. माझी सगळ्यांत मोठी तक्रार इथे आहे, आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. ‘मौन रागम’ची दिव्या, ‘नायकन’ची नीला आणि नंतर बापाला जाब विचारणारी चारुमती, ‘अलैपायुदे’ची शक्ती, अगदी अलीकडच्या ‘पोन्नियिन सेल्वन’मधल्या कुंदवै आणि नंदिनी. त्या दोघी समोरासमोर येतात तेव्हा सगळं राजकारण त्या दोघींच्या नजरांत गोळा होतं. त्यातली कुंदवै झालेली तृषा ‘ठग लाइफ’मध्ये इंद्राणी आहे. बारमधून शक्तिवेलनं सोडवून आणलेली आणि वेगळ्या घरात ठेवलेली. पुढे तिच्याकडे अमरचा डोळा जातो. या बाईला स्वतःचं काय वाटतं? दोन पुरुषांच्या हेव्यादाव्यात ती मालमत्तेसारखी इकडून तिकडे जाते आणि सिनेमाला त्याचं काही वाटतंय असं दिसत नाही. तृषानं जे काही थोडं हाती आलं त्यात जीव ओतला आहे, पण लिहिलेलंच नसेल तर नटी काय करणार? चंद्राचंही तसंच. जिला शोधून देण्याच्या वचनावर सगळी गोष्ट उभी आहे, तिचा शोध सिनेमा मध्येच विसरतो आणि शेवटाजवळ घाईनं आठवतो. ऐश्वर्या लक्ष्मीसारखी नटी हाताशी असताना.

मग जीवा. अभिरामीनं केलेली शक्तिवेलची बायको. इथे मला थांबावं लागतं, कारण हात धरून ठेवणारी जी मिनिटं मी म्हटली ती बहुतेक इथलीच आहेत. नवऱ्याचं दुसरं घर तिला माहीत आहे. ती त्याच्यावर चिडते, टोमणे मारते, आणि त्याच दमात दोघांमध्ये अशी काही जुनी लाडीगोडी निघते की वीस-पंचवीस वर्षांचा संसार आपल्यासमोर येऊन बसतो. कमल त्या प्रसंगात डॉन राहत नाही. बायकोसमोर खोटं पकडलं गेलेला, तरीही तिच्या जवळ सरकायला बघणारा एक वयस्क नवरा होतो. संवाद फार नाहीत. प्रकाश मऊ आहे. हा माणूस हे अजूनही करू शकतो, आणि इतक्या सहज करू शकतो. बाकी सिनेमात बंदुका आहेत, बर्फ आहे, दरीत कोसळून जगलेला नायक आहे, मठात शिकलेली युद्धकला आहे. आणि ती एवढी दोघं बोलतायत तेवढा वेळ मला वाटलं, हाच सिनेमा का नाही काढला? पन्नाशी-साठी-सत्तरीच्या नवराबायकोचा, ज्यातला नवरा बाहेर काय करतो ते बायकोला ठाऊक आहे, आणि एक दिवस तो एक रडणारं पोर हाताला धरून घरी आणतो.

गाण्यांचं काय झालं हेही सांगायला हवं. ‘मुत्त मळै’ हे रहमानचं गाणं ध्वनिमुद्रिकेत धी हिनं गायलं आहे. गाण्यांच्या अनावरण सोहळ्यात ते चिन्मयीनं रंगमंचावर गायलं आणि त्या गायनाची चित्रफीत देशभर फिरली. ज्यांना तामिळ येत नाही असे माझ्या नात्यातले लोकही ते ऐकत होते. चिन्मयीला पहिलं गाणं मणिरत्नमच्याच सिनेमात मिळालं होतं, ‘कन्नत्तिल मुत्तमिट्टाल’मध्ये, त्या दत्तक मुलीच्या आईनं मुलीला उद्देशून म्हटलेलं. तामिळ सिनेमात तिला काम मिळणं कित्येक वर्षं थांबलं होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ते गाणं ऐकताना लोकांचं मन भरून येत होतं ते फक्त सुरांमुळे नव्हतं. आणि सिनेमात ते गाणं नव्हतं. मी अंधारात वाट बघत राहिले आणि ते आलं नाही. मणिरत्नमच्या सिनेमात गाणी नुसती गाणी कधीच नव्हती. पात्रांना एकमेकांशी जे बोलता येत नाही त्याची जागा गाणं घ्यायचं. बेकलच्या किल्ल्यात उसळत्या समुद्रासमोर हरिहरननं गायलेलं ‘तू ही रे’ काढून टाका, शेखर आणि शैलानं घर का सोडलं ते समजणारच नाही. ‘ठग लाइफ’ला जो एकांत हवा होता, पात्रांना स्वतःपाशी बसायला जी दोन-चार मिनिटं हवी होती, ती त्या गाण्यात तयार होती.

‘ठग लाइफ’ कर्नाटकात प्रदर्शनाच्या दिवशी लागलाच नाही. कन्नड भाषेच्या उगमाबद्दल कमल हासन जे बोलले त्यावरून वाद पेटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या वादात कोण बरोबर हा माझा विषय नाही. मला आठवत राहिलं ते एवढंच की मणिरत्नमचा पहिला सिनेमा कन्नड होता, १९८३ चा ‘पल्लवी अनुपल्लवी’, नायक अनिल कपूर आणि छायाचित्रण बालू महेंद्र यांचं. मुंबईत जमनालाल बजाजमध्ये व्यवस्थापन शिकलेला एक तामिळ तरुण, पंजाबी नायक घेऊन, कन्नडमध्ये पहिला सिनेमा करतो, आणि देशाला त्याचं काही वाटत नाही. अशा माणसाचा नवा सिनेमा भाषेच्या भांडणात अडकावा, हे मला सिनेमाच्या पडण्यापेक्षाही जास्त लागलं.

सिनेमा पडला, हे तर खरंच. समीक्षक तुटून पडले, समाजमाध्यमांवर कापाकापी झाली. माझ्या भाच्याला सिनेमाचं फार वेड आहे आणि त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. मावशी, म्हणाला, तुमच्या माणसाला आता काही सांगायचं उरलेलं नाही, तो नुसता सुंदर चित्रं काढतोय. तुम्ही जुन्या आठवणींवर त्याला पास करता. मी त्याला म्हटलं, मी पास केलेलंच नाही. मी तर त्याच्यापेक्षा जास्त रागावले आहे, कारण मला माहीत आहे की या गोष्टीत काय होतं. तो म्हणाला, मग परत का बघितलास? नेटफ्लिक्सवर आल्या आल्या मी पुन्हा लावला होता हे त्याला आईकडून कळलं होतं.

परत का बघितला, याचं उत्तर मी तेव्हा नीट देऊ शकले नाही. आता देते. थिएटरात मी ‘नायकन’ शोधत होते. घरी बघताना ते ओझं नव्हतं, म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसली. माणिक्कम झालेला नासर. ‘नायकन’मधला पाटील, ‘बॉम्बे’मधला भांडखोर आजोबा, आणि इथे धाकट्या भावाच्या सावलीत उभं राहून राहून आतून आंबलेला थोरला भाऊ. त्याला फार प्रसंग दिलेले नाहीत. पण घरातल्या समारंभात तो कुठे उभा आहे, मान कुणाकडे आधी वळवतोय, अमरला शाबासकी मिळते तेव्हा हसू चेहऱ्यावर किती उशिरा पोचतंय, हे मी मामींच्या घरी शिकले तसं बघत गेले. तिथे एक पुरा सिनेमा दडलेला आहे. थोरल्याला डावलून एका रस्त्यावरच्या पोराला गादी मिळते, ही महाभारतापासूनची गोष्ट आहे आणि १९९१ च्या ‘दळपती’मध्ये मणिरत्नमनं कर्णाची गोष्ट सांगितलेलीच आहे. म्हणजे त्याला सांगायचं काही उरलेलं नाही हे भाच्याचं म्हणणं मला पटत नाही. उलट यात सांगण्यासारखं इतकं होतं की ते सगळं एका सिनेमात कोंबताना कुठल्याच खोलीत बसायला त्याला वेळ मिळाला नाही. त्याचे जुने सिनेमे एका घरात शिरायचे आणि तिथेच राहायचे. हा सिनेमा दिल्ली, गोवा, नेपाळ असा हिंडत राहतो.

आणि ही तक्रारही नवीन नाही. २०१० मध्ये ‘रावण’ आला तेव्हा मी अशीच हिरमुसून बाहेर पडले होते. केवढं ते रान, केवढा तो पाऊस आणि धबधबे, आणि बसायला जागा नाही. २०१३ च्या ‘कडल’नंतर तर लोकांनी त्याच्या नावावर काट मारली होती. दोन वर्षांनी ‘ओके कन्मणी’ आला. मुंबईत लग्नाशिवाय एकत्र राहणारं तरुण जोडपं, आणि ती दोघं ज्यांच्या घरात भाड्यानं राहतात ते वयस्क गणपती आणि भवानी. भवानीला विस्मरणाचा आजार आहे. प्रकाश राज आणि लीला सॅम्सन. गणपती बायकोला रोज पुन्हा सगळं सांगतो, आठवण करून देतो, आणि ती एका पावसात घराबाहेर पडून हरवते. तरुणांचं प्रेम मी विसरले, ती दोन म्हातारी माणसं विसरता येत नाहीत. पुन्हा मुंबई, पुन्हा एक घर, पी. सी. श्रीरामचा कॅमेरा, आणि सगळा मणिरत्नम जसाच्या तसा परत आलेला. तेव्हा भाचा लहान होता. त्याला मी तो सिनेमा आता दाखवला. गणपती भवानीला शोधत पावसात हिंडतो तिथे त्यानं मोबाइल बाजूला ठेवला.

मणिरत्नम आता सत्तरीच्या घरात आहे. त्याच्या वयाच्या माणसानं कसला सिनेमा काढावा हे सांगायचा मला अधिकार नाही, पण इच्छा सांगायचा आहे. त्यानं मोठा सिनेमा काढू नये असं मी म्हणत नाही. ‘बॉम्बे’ मोठाच होता, ‘नायकन’ मोठाच होता. फक्त त्यानं पुन्हा एका घराचा पत्ता ठरवावा आणि कॅमेरा तिथे नेऊन ठेवावा. जीवासारखी बाई मिळाली तर तिचं नाव आधी लिहावं आणि नवऱ्याचं नंतर. मेलेल्या माणसाच्या पोराला घरी आणलं तर त्याची सगळी वर्षं आम्हाला बघू द्यावीत, कंटाळवाणी वाटली तरी. आम्ही कंटाळणार नाही. पुढचा सिनेमा जाहीर झाला की भाच्याचंही तिकीट मीच काढणार आहे, आणि तामिळ खेळाचंच काढणार आहे.